क्रेडिट कार्डाविना सुखदेवराव

परदेशात जाऊन स्वतः गाडी चालवायची आहे, असं म्हणणारं गिऱ्हाईक समोर बसलं की मी आधी एकच प्रश्न विचारायचे, "कार्ड आहे का?" या प्रश्नावर लोकांनी माझ्या टेबलावर काय काय ठेवलं आहे! आधार, पॅन, मतदानाचं ओळखपत्र. एकदा एका काकांनी ग्रंथालयाचं कार्ड ठेवलं आणि वर सांगितलं की आजवर एकही पुस्तक बुडवलेलं नाही. वरुडकडचे एक संत्रा बागायतदार तर व्हिजिटिंग कार्डांची डबीच उघडून म्हणाले, "घ्या ना ताई, कितीबी घ्या."

अमरावतीत मी ट्रॅव्हल एजन्सी चालवली. आठवड्यातले दोन दिवस अकोल्याला जायचे. तिथे माझ्या भाच्याच्या स्टेशनरीच्या दुकानात एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर जगाचा नकाशा एवढंच माझं ऑफिस होतं. अष्टविनायकापासून अमेरिकेपर्यंत सगळीकडे माणसं पाठवली. आता लोक मोबाइलवरच तिकीट काढतात, हॉटेल घेतात. ज्याचं मोबाइलवर अडायचं तोच माझ्याकडे यायचा. त्यामुळे शेवटच्या वर्षांत माझ्या वाट्याला सगळी अडलेली माणसंच आली, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचीच मजा वाटली.

गाडीचं आणि कार्डाचं काय नातं, हे मी दर वेळी समजावून सांगायचे. तिकडे गाडी घेता म्हणजे तुमची ओळख ना पाळख, तरी कोणीतरी नवी कोरी गाडी तुमच्या हाती देतो. आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी मध्ये पडतं, "माणूस चांगला आहे, मी ओळखतो" म्हणतं. तिकडे हे काम क्रेडिट कार्ड करतं. ते तुमचा जामीनदार. गाडी नेताना कंपनी त्या कार्डावर काही रक्कम अडवून ठेवते. गाडी ठोकली, दंड झाला आणि तुम्ही विमानात बसून निघून आलात, तर त्यातून वसुली. गाडी धड परत आली की रक्कम मोकळी. साध्या डेबिट कार्डाला पुष्कळ कंपन्या नाहीच म्हणतात. प्रवासासाठी आधी पैसे भरून घेतलेलं कार्ड भाड्याला चालतं, अनामतीला चालत नाही. आणि रोख नोटा काढल्या तर काउंटरवरची मुलगी तुमच्याकडे असं बघते, जणू तुम्ही त्या कुठून तरी पळवून आणल्यात.

सुखदेवराव माझ्याकडे आले ते अकोल्याच्या टेबलावर. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला पेन. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या नकाशात न्यूझीलंड शोधलं आणि त्याच्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं गाडी चालवाची हाये."

ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. परतवाडा ते धारणी हा मेळघाटातला रस्ता त्यांनी उभी हयात कापला. पावसाळ्यात दरड, उन्हाळ्यात धूळ, मध्येच रस्त्यावर ठाण मांडून बसलेलं अस्वल, असा तो रस्ता. आता अकोल्याजवळच्या गावी राहत होते. थोडी शेती, दोन म्हशी, आणि पत्नी कौसल्याबाई.

न्यूझीलंडला कोण आहे, असं मी विचारलं. मुलगा? मुलगी? ते म्हणाले, "नाई. माहा कंडक्टर हाये."

मग त्यांनी सांगितलं ते असं. नामदेवराव त्यांचे कंडक्टर. दोघांनी इतकी वर्षं एकाच गाडीवर काढली, की डेपोत एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं आपोआप यायचं. सुखदेवराव कमी बोलणारे, नामदेवराव तोंडाचे फार मोकळे. मार्गावरच्या प्रत्येक पाड्यातल्या माणसाला नावानिशी ओळखणारे. कोणाची गाय व्याली, कोणाच्या पोराला ताप आहे, सगळं त्यांना ठाऊक. हरिसालला एखादी म्हातारी रोजच्या वेळी थांब्यावर दिसली नाही, तर ते गाडी थांबवून चौकशी करायला लावायचे.

नामदेवरावांची पत्नी वारली आणि त्यांचा मुलगा मंगेश त्यांना आपल्याकडे न्यूझीलंडला घेऊन गेला. मंगेश दूध गोळा करणाऱ्या टँकरवर, सून दवाखान्यात नर्स. मुलगा-सून चांगले, घर चांगलं, हवा चांगली. पण घर गावापासून लांब, चहूकडे कुरणं आणि मेंढ्या. ज्या माणसाचा जन्म बसमध्ये गेला तो आता अशा जागी राहत होता, जिथे बसच येत नाही. हळूहळू नामदेवरावांनी बोलणं सोडलं. जेवलात का म्हटलं की मान हलवायची. फोन दिला तर कानाला लावून नुसतं ऐकायचं. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी मंगेशने सुखदेवरावांना फोन केला आणि विचारलं, "काका, तुमी येऊन पाहता का?"

तिकिटाचा खर्च दोघांनी मिळून करायचं ठरलं. विमानतळावर घ्यायला मंगेश येणार होता, पण तो मोसम कामाचा, सुट्टी मिळेना. आणि सुखदेवरावांनाही ते नकोच होतं. "मंगेशच्या गाडीत तो बसत नाई. मंगेश सांगते, पोटात ढवळते त्याच्या. माह्या गाडीत तो बसीन," ते म्हणाले. "म्हणून गाडी माह्या हातात पाह्यजे."

मी कार्डाचं विचारलं. क्रेडिट कार्ड नव्हतं. बँकेत ठेव ठेवून त्यावर मिळतं, मी काढून देते, असं म्हटलं. त्यांनी सरळ नकार दिला. आयुष्यात किराणाही उधार आणला नव्हता. आता साठी उलटल्यावर उधारीचं कार्ड खिशात घालून हिंडायचं त्यांना पटेना. मी समजावलं, की वेळेवर भरलं तर ती उधारी राहत नाही. ते शांतपणे म्हणाले, "ताई, नाव तं उधारीच हाये ना?"

 अशी तत्त्वाची माणसं ट्रॅव्हल एजंटला फार महाग पडतात.

बाकीचं सगळं जमत होतं. तिकडेही गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवतात. त्यांचं लायसन्स इंग्रजीत होतं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला. अडत होतं ते फक्त कार्ड. मी एकामागून एक कंपन्यांना विचारत गेले. मोठ्या कंपन्यांची उत्तरं एकाच साच्यातली : क्षमस्व. शेवटी विमानतळाजवळची एक छोटी कंपनी सापडली, नवरा-बायकोने चालवलेली. बाईंचं नाव हेलन. त्यांनी कळवलं की पूर्ण विमा घेणार असाल, परतीचं तिकीट दाखवणार असाल, तर डेबिट कार्ड चालेल; मात्र अनामत तेवढी त्याच कार्डावरून भरावी लागेल आणि गाडी परत केल्यावर ती परत मिळेल. हा माणूस उधार घेत नाही म्हणून क्रेडिट कार्ड नाही, असं मी त्यांना खरं खरं लिहिलं होतं. त्यावर त्यांनी एवढंच लिहिलं, की त्यांचे वडीलही असेच होते.

सुखदेवराव निघाले. कौसल्याबाई मागे राहिल्या. मिरची तोडणीला आली होती आणि दोघंही गेले तर म्हशींचं कोण पाहणार? जाताना त्यांनी बँकेत नंबर दिलेला जुना फोन बायकोकडे ठेवला, कारण गावातले सगळे व्यवहार त्याच नंबरवर होते. स्वतः नवा फोन घेतला, त्यात बँकेचं अ‍ॅप घालून घेतलं. आणि बायकोला दोन नियम शिकवले. एक, अनोळखी नंबर उचलायचा नाही. दोन, बँकेतून आकडा आला तर तो कोणालाही सांगायचा नाही.

ते पोचायच्या दिवशी सकाळी मी अमरावतीत घरी चहा घेत होते आणि फोन वाजला. सुखदेवराव हेलनबाईंच्या काउंटरवरून बोलत होते. तिकडे संध्याकाळ होत आली होती. गाडी समोर उभी होती, पण कार्ड मशीनमध्ये घातलं की मशीन नकार देत होतं. बँकेत पैसे होते, परदेशातला वापरही चालू केलेला होता. पण एका दिवशी किती खर्च करता येईल, याची बँकेची मर्यादा अनामतीपेक्षा कमी होती. ती अ‍ॅपवरून वाढवता येत होती. त्यासाठी आकडा लागणार, म्हणजे ओटीपी. आणि तो जाणार जुन्या फोनवर, अकोल्याला, कौसल्याबाईंच्या हातात.

"मंग वहिनींना फोन लावा," मी म्हटलं.

त्यांनी लावला होता. पण फोन नवा, नंबर तिकडे उतरल्यावर घेतलेला. बाईंनी अनोळखी नंबर म्हणून चार वेळा कापला होता.

इतका वेळ मी हसत होते. मग ते म्हणाले, की हेलनबाई थोड्या वेळात बंद करणार, आणि सणाच्या सुट्ट्या लागत असल्यामुळे उद्या-परवा दुकान उघडणारच नाही. तिकडे नाताळ तोंडावर होता. टॅक्सीने एवढ्या लांब जाणं परवडण्यातलं नव्हतं. आणि विमानातून उतरल्यावर मंगेशला फोन केला तेव्हा त्याने सांगितलं होतं : बाबांनी आज कित्येक महिन्यांनी स्वतःहून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसलेत. हे सांगताना सुखदेवरावांचा आवाज जरा वेगळाच झाला.

मी कौसल्याबाईंना फोन लावला. माझा नंबर त्यांना ओळखीचा. त्या शेतात होत्या, फोन पदरात बांधलेला. मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आला हाये आकडा. पण सांगाचा नाई."

मी म्हटलं, वहिनी, तुमचे यजमानच मागताहेत.

"याईनंच सांगतलं हाये, कोणालेबी सांगाचा नाई म्हून. मी मागितला तरी सांगू नको, म्हणे."

आता काय करावं? मी दोन्ही फोन जोडले. सुखदेवराव म्हणाले, "कौसल्या, मी बोलून राह्यलो. आकडा सांग."

 मग बाई म्हणाल्या, की आवाज तर यांचाच वाटतो, पण आजकाल चोर आवाजसुद्धा हुबेहूब काढतात, परवाच गावात एकाला असंच फसवलं. आणि मग त्यांनी विचारलं, "कौंडण्यपूरच्या जत्रीत माही चप्पल पडली, ते कोन्त्या पायातली?"

मी इकडे चहाचा कप हातात धरून बसले. काउंटरमागे हेलनबाई उभ्या होत्या. त्यांना भाषा कळत नव्हती, पण काहीतरी चाललंय हे कळत होतं.

सुखदेवराव आयुष्यभर कमी बोललेला माणूस.  मग ते घसा खाकरून म्हणाले, "डाव्या. अन् चप्पल नोती, निळी सँडल होती. नवी. गाडी थांबवून मीच उतरलो अन् चिखलातून काढली. तू म्हटलं, राहू द्या, भरून गेली. मी म्हटलं, धुतली की होते."

"मंग?" बाईंचा आवाज आता बदलला होता.

"मंग काय? मंग धुतली. नदीवर नेऊन."

आकडा तोवर बाद झाला होता. तो काही मिनिटांत शिळा होतो. त्यांनी पुन्हा मागवला, पुन्हा अकोल्याच्या शेतात आला, आणि कौसल्याबाईंनी तो एक एक करून असा सांगितला, जणू गर्दीच्या बाजारात हातातली पोर कोणाच्या तरी हवाली करताहेत. मर्यादा वाढली. कार्ड चाललं. तिकडच्या मशीनमधून पावती निघाल्याचा बारीक आवाज मला अमरावतीत ऐकू आला. हेलनबाईंनी काय झालं ते विचारलं तेव्हा सुखदेवरावांनी त्यांना त्यांच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "माय वाइफ. चेकिंग." हेलनबाईंनी म्हणे त्यांना त्या आनंदात आधी ठरलेल्यापेक्षा मोठी गाडी दिली, त्याच भाड्यात.

पुढचं मला थोडं मंगेशने सांगितलं, थोडं सुखदेवरावांनी. उन्हाळ्याचे दिवस, तिकडे उशिरापर्यंत उजेड असतो. कुरणांतून जाणाऱ्या त्या सरळ रस्त्यावरून ते एकटे चालवत गेले. घराशी वळले तेव्हा सूर्य अजून डोंगरावर होता. त्यांनी फाटकाबाहेर गाडी उभी केली आणि एक लांब हॉर्न दिला. तिकडे कोणी उगीच हॉर्न वाजवत नाही. शेजारच्या मेंढ्या पळाल्या. मंगेशची बायको घाबरून बाहेर आली. तिच्या मागून नामदेवराव आले. स्लीपर घालून, इस्त्रीच्या शर्टात, पायऱ्या सावकाश उतरत. गाडीच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "लेट आला, सुखदेव."

मंगेशने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो एवढं सांगून थांबलाच. त्याच्या वडिलांनी पूर्ण वाक्य बोलल्याला किती दिवस झाले होते, ते त्याला आठवत नव्हतं.

नामदेवरावांनी मागचं दार उघडलं आणि आत बसले. सुखदेवराव म्हणाले, पुढं बस ना लेका, मोकळी हाये सीट. नामदेवराव म्हणाले, "कंडक्टर पुढं बसत असते काय?" आणि बोटाच्या पेराने काचेवर दोनदा टकटक केली. डबल बेल. गाडी निघाली. दोघं जवळच्या गावापर्यंत जाऊन, बाकावर बसून, काही एक न खाता परत आले. नामदेवरावांच्या पोटात ढवळलं नाही.

त्यानंतरचे दिवस म्हणजे मंगेशच्या भाषेत "न्यूझीलंडात धारणी गाडी" सुरू झाली. रोज सकाळी दोघं निघत. वाटेत कोणी चालताना दिसलं की नामदेवराव काचेवर एक टकटक करत. एक टकटक म्हणजे थांब. शेजारी एक एकट्या राहणाऱ्या आजी होत्या, त्यांना ग्रंथालयात सोडू लागले. गोठ्यावर कामाला आलेली दोन फिलिपिनो मुलं होती, त्यांना सामान आणायला दुकानात. नामदेवरावांना इंग्रजी येत नव्हतं. आजींना मराठी येत नव्हती. पण आजींच्या गुडघ्याचं काय बिनसलं आहे, मुलगी कुठे असते, मांजराचं नाव काय, हे सगळं नामदेवरावांना चौथ्या दिवसापर्यंत माहीत झालेलं होतं. ते कसं, हे सुखदेवरावांनाही सांगता आलं नाही. "त्याले कोरकूबी येत नोती पयले," एवढंच ते म्हणाले. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या पाड्यांतही नामदेवराव असेच आधी माणूस शिकले होते, भाषा मागाहून आली.

परतायच्या दिवशी मित्राला सोडायला नामदेवराव विमानतळापर्यंत आले. सुखदेवरावांना भीती होती, की आपण गेल्यावर हा पुन्हा गप्प होईल. मलाही होती. मी कितीतरी माणसं भेटवली आहेत, आणि भेटीनंतरचं रिकामपण आधीपेक्षा वाईट असतं, हे पाहिलेलं आहे. एजंट तिकीट काढून देतो, पुढचं त्याच्या हातात नसतं.

पण त्या आजींनी काम केलं होतं. त्यांच्या गावात म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात, बाजारात नेणारी एक छोटी व्हॅन होती. चालवणारे सगळे गावचेच, हौसेने करणारे. आजींनी त्यांना नामदेवरावांबद्दल सांगितलं. सुखदेवराव गेल्यानंतरच्या आठवड्यात व्हॅन फाटकाशी येऊन उभी राहिली. आता नामदेवराव आठवड्यातले तीन दिवस तिच्यावर असतात. कोणाचा हात धरून चढवायचं, कोणाची काठी सांभाळायची, कोण आज आलं नाही म्हणून दार वाजवून पाहायचं. मंगेशने मला एक छोटा व्हिडिओ पाठवला. त्यात नामदेवराव व्हॅनच्या दाराशी उभे राहून एका गोऱ्या आजोबांना सांगत होते, "सावकाश, बाप्पा, सावकाश." आजोबा सावकाश चढत होते.

गेल्या वर्षी मी अकोल्याचं टेबल बंद केलं. वाईट वाटलं. नकाशा उतरवताना भिंतीचा रंगही थोडा निघाला. शेवटच्या दिवशी सुखदेवराव आणि कौसल्याबाई दोघं आले. नामदेवरावांनी दोघांनाही बोलावलं होतं. आणि या खेपेला कार्डाचा प्रश्नच नव्हता. म्हशींच्या दुधाच्या पैशांतून कौसल्याबाईंनी बँकेत ठेव ठेवली होती आणि त्यावर स्वतःच्या नावाने क्रेडिट कार्ड घेतलं होतं. नवऱ्याला न विचारता. "याईचं तत्त्व याईपाशी," त्या म्हणाल्या. "मले काउंटरवर पुन्हा चपलीचं विचाराचं नाई."

मी त्यांना सांगितलं की वहिनी, यात एक अडचण आहे. कार्ड ज्याच्या नावाचं, मुख्य चालकही तोच लागतो. गाडी तुम्हालाच चालवावी लागेल.

मला वाटलं होतं, इथे सगळं अडणार. कौसल्याबाईंनी सुखदेवरावांकडे पाहिलं. सुखदेवराव नकाशा होता त्या रिकाम्या भिंतीकडे पाहू लागले. मग बाईंनी पिशवीतून लायसन्स काढून माझ्यापुढे ठेवलं. मंगेशने त्यांना ही अट आधीच सांगितली होती. शिकवलं कोणी, हे विचारायची गरज नव्हती.

टेबल भाच्याला देऊन मी निघाले. परतीच्या गाडीला वेळ होता. त्यांनी मला स्टेशनवर सोडायचा आग्रह धरला. त्यांची जुनी छोटी गाडी दुकानासमोर उभी होती. कौसल्याबाई चालवायला बसल्या, सुखदेवराव शेजारी, मी मागे. बाजाराचा दिवस होता. हातगाड्या, ऑटो, मध्येच थांबलेली एक बैलगाडी. बाई पुढे वाकून, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, हळूहळू पण कोणालाही न घाबरता गाडी काढत होत्या. सुखदेवराव सरळ समोर पाहत होते. पण मी मागून पाहत होते : प्रत्येक चौकात त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला जात होता, जिथे ब्रेक नव्हता तिथे.

स्टेशन आलं. कौसल्याबाईंनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि सुस्कारा सोडला. सुखदेवरावांनी पाय उचलला, चष्मा पुसला.

"चांगली आणली," ते म्हणाले.

 कौसल्याबाईंनी आरसा थोडा फिरवला आणि त्यात पाहून पदर सारखा केला.